एकच पत्रक वाचून व्हिग-टोरी भांडण का कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं १६७९ ते १६८१ या काळातली इंग्लंडमधली चार-पाच राजकीय पत्रकं वाचली. एक म्हणतं, कॅथलिक आता लंडन जाळणार. दुसरं म्हणतं, हे सगळं थोतांड आहे, खरा धोका राजाला हाकलायला निघालेल्यांचा. पहिली बाजू व्हिगांची, दुसरी राजाच्या पाठीशी असलेल्या टोरींची. दोघेही देवाशपथ खरं सांगतात. तिचं विचारणं असं, की यातलं पुरावा म्हणून वापरायचं काय? आणि हे खरंच लोकांमधलं भांडण होतं, की पाचपन्नास लेखणीबहाद्दरांची आपसातली खुन्नस?

हा काळ मी बरीच वर्षं शिकवला आहे आणि या चोपड्यांत आयुष्यातला नको तेवढा वेळ घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चूक कुठे होते ते. तुम्ही पाच पत्रकं वाचलीत, पण ती पाच वेगवेगळ्या भांडणांतून उचललेली आहेत. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच पोथीत शेजारी शेजारी बसतात. इथे ते वेगवेगळ्या दुकानांत विकले जायचे, आणि तीनशे वर्षांनी आपल्या हाती बहुधा एकच लागतो. या काळात ‘उत्तर’, ‘खंडन’, ‘समर्थन’, ‘खेड्यातल्या मित्रास पत्र’ अशा नावांची चोपडी ढिगानं निघाली. नावातच सांगितलेलं असतं की आधी कोणीतरी काहीतरी बोललंय. म्हणून पहिलं काम म्हणजे जोडी लावणं. कोणाला उत्तर आहे, आणि याला पुढे कोणी उत्तर दिलं, हे कळेपर्यंत त्यातलं एकही वाक्य वहीत उतरवू नका.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, हात पोळलेत म्हणून सांगतोय. विद्यार्थी असताना मी १६८० चं ‘सिट अँड बम्पकिन’ नावाचं चोपडं वाचलं. एक शहरी माणूस आणि एक खेडवळ, दारूचा गडू मध्ये ठेवून बोलत बसलेत. संसद भरवा म्हणून राजाकडे अर्ज पाठवायच्या मोहिमेत सह्या कशा गोळा केल्या, कोणाकोणाला कसं गुंडाळलं, याच्या बढाया मारताहेत. मला वाटलं, घबाड मिळालं! व्हिग कार्यकर्त्यांचा कबुलीजबाबच की हा. चांगली दोन पानं टिपणं काढली. मग सरांनी शांतपणे विचारलं, “लिहिलंय कोणी?” लिहिलं होतं रॉजर लेस्ट्रेंजनं, म्हणजे व्हिगांच्या सगळ्यात कडव्या शत्रूनं. ती बढाई व्हिगांची नव्हतीच, त्यांच्या तोंडी घातलेली होती. दोन पानं फाडली. मात्र त्या चोपड्याचा उपयोग संपला नाही. सह्यांची मोहीम टोरींना इतकी झोंबली होती की तिची टिंगल करायला लेस्ट्रेंजला वेळ काढावा लागला, एवढं त्यातून पक्कं कळतं. पुरावा आहेच, फक्त मी शोधत होतो त्या गोष्टीचा नाही.

आता इतर वाचकांसाठी पार्श्वभूमी, पटकन. दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नाही. वारस म्हणजे भाऊ जेम्स, आणि तो कॅथलिक. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या महाठकानं ‘कॅथलिक राजाचा खून करणार’ अशी कथा रचली. त्याचा जबाब नोंदवून घेणारा न्यायाधिकारी एडमंड बेरी गॉडफ्री १७ ऑक्टोबरला प्रिमरोज हिलवर मेलेला सापडला आणि देश पेटला. ओट्सच्या साक्षींवर निरपराध माणसं फासावर गेली. व्हिगांचा पुढारी शाफ्ट्सबरी याच्या गोटानं जेम्सला गादीपासून दूर ठेवणारं विधेयक तीन संसदांत रेटलं. १५ नोव्हेंबर १६८० ला लॉर्ड्सच्या सभागृहानं ते ६३ विरुद्ध ३० मतांनी फेटाळलं. मार्च १६८१ मध्ये ऑक्सफर्डला भरलेली संसद राजानं आठवड्याभरात गुंडाळली. याच धुमश्चक्रीत ‘व्हिग’ आणि ‘टोरी’ ही नावं रूढ झाली. दोन्ही मुळात शिव्या: पहिली स्कॉटलंडच्या बंडखोरांवरून, दुसरी आयर्लंडच्या दरोडेखोरांवरून. (आपल्या मराठी वाचकाच्या मनात काळ नीट बसावा म्हणून: लंडनमध्ये ही रणधुमाळी चालू होती तेव्हाच, १६८० च्या एप्रिलमध्ये, शिवाजी महाराजांचं निधन झालं.)

आणि नेमक्या याच वेळी छपाईवरची वेसण सुटली. १६६२ च्या परवाना कायद्यानं मुख्य छापखानेवाल्यांची संख्या २० वर आणायची ठरवली होती. छपाई फक्त लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि यॉर्कमध्येच करता येई, आणि मजकूर छापण्याआधी तपासून घ्यावा लागे. १६७९ च्या मे महिन्यात चार्ल्सनं संसद तहकूब केली, पुढे विसर्जित केली, आणि या कायद्याचं नूतनीकरण राहूनच गेलं. सहा वर्षं, १६८५ पर्यंत, पूर्वतपासणी कायद्यानं उरलीच नाही. छापून झाल्यावर पकडणं मात्र उरलं, आणि ते वाईट होतं. त्याकडे येतोच.

पत्रक म्हणजे नक्की काय वस्तू, हे डोळ्यांसमोर आणा, नाहीतर स्क्रीनवरचं स्कॅन पाहून फसाल. एक मोठा ताव दोनदा दुमडला की चार पानं, म्हणजे आठ पृष्ठं होतात. चार ताव म्हणजे ३२ पृष्ठांचं चोपडं. बांधणी नाही, कडेला दाभणानं भोकं पाडून दोरा ओवलेला. प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो शब्द आणि पुढच्या पानाची सुरुवात जुळत नसेल तर तिथे थांबा: घाईत काहीतरी बदललंय, गाळलंय, किंवा पुढचा ताव दुसऱ्याच छापखान्यातून आलाय. धोक्याचा मजकूर असला की ताव दोन-तीन ठिकाणी वाटून छापायचे, म्हणजे धाड पडली तरी एका जागी सगळं सापडत नाही. वेगाचा हिशोबही करून बघा. दोन माणसं एका यंत्रावर तासाला साधारण २५० दाब मारत. एका तावाच्या हजार प्रतींना दोन्ही बाजू धरून २,००० दाब, म्हणजे आठ तास. खिळे जुळवायला लागणारा वेळ धरला तरी सोमवारच्या पत्रकाला त्याच आठवड्यात उत्तर बाजारात येऊ शकत होतं.

आता एक जोडी जवळून बघू, कारण तुम्ही वाचलेल्यातलं एक यातलंच आहे असं वर्णनावरून वाटतं.

१६७९ च्या शरदात ‘खेड्याचं शहराला आवाहन’ अशा अर्थाच्या नावाचं चोपडं आलं. खाली सही ‘ज्युनियस ब्रूटस’, म्हणजे राजेशाही उलथणाऱ्या रोमन वीराचं नाव. लेखक चार्ल्स ब्लंट मानला जातो. त्यात लंडनकराला हाताला धरून ‘तुमच्या नव्या मनोऱ्यावर’ नेलं जातं. हा मनोरा म्हणजे १६६६ च्या मोठ्या आगीचं स्मारक, २०२ फूट उंचीचा, पुरा होऊन दोनच वर्षं झालेली. तिथून खाली बघा, लेखक म्हणतो, आणि कल्पना करा की आधी ज्यांनी शहर जाळलं त्याच कॅथलिकांनी ते पुन्हा पेटवलंय. बायका-मुलींवर अत्याचार चाललेत, लेकरांची डोकी भिंतीवर आपटली जाताहेत. हे सगळं ‘कल्पना करा’ या एका क्रियापदाला टांगलेलं आहे, आणि त्या क्रियापदाकडे कोणाचं लक्ष जात नाही. वाचकाच्या डोक्यात फक्त आग उरते. एवढी भीती घालून झाल्यावर मग खरं काम येतं. मॉनमथच्या ड्यूकच्या, म्हणजे राजाच्या अनौरस मुलाच्या पाठीशी उभे राहा, कारण ज्याचा हक्क सगळ्यात कच्चा तोच सगळ्यात चांगला राजा होतो. त्याला लोकांची मर्जी राखावीच लागते. हे वाक्य मला या सगळ्या काळातलं सगळ्यात धीट वाटतं. आगीच्या धुरात लपवून आणलंय.

लेस्ट्रेंजनं त्याच वर्षी उत्तर दिलं, आणि पद्धत बघण्यासारखी आहे. आगीशी तो फारसा झगडत नाही. तो त्या धीट वाक्याला जाऊन भिडतो, आणि १६४१-४२ मध्येही असंच भय घालून यादवी युद्ध पेटवलं होतं, शेवटी राजाचं डोकं उडालं, याची वाचकाला आठवण करून देतो. टोरी बाजूचं सगळं वाङ्मय या एकाच तारेवर वाजतं: पुन्हा तेच होतंय. व्हिग भविष्यातली आग दाखवतात, टोरी भूतकाळातली कुऱ्हाड. हे एकदा लक्षात आलं की ‘खरं कोणाचं’ हा प्रश्न जरा बाजूला सरकतो. आग आणि कुऱ्हाड या दोन भीतींपैकी कोणती कोणाला, कोणत्या महिन्यात जास्त पटत होती, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

मनोऱ्याची पुढची गोष्ट तर या भांडणाचा आलेखच आहे. १६८१ मध्ये व्हिगांच्या ताब्यातल्या लंडन नगरपालिकेनं त्यावर कोरून घेतलं की ही आग कॅथलिकांनी लावली. १६८५ मध्ये जेम्स गादीवर आल्यावर ती अक्षरं काढून टाकली. १६८९ मध्ये, जेम्स पळाल्यावर, पुन्हा कोरली. कायमची गेली ती एकोणिसाव्या शतकात. आग प्रत्यक्षात पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागली होती.

या आवाहनाची किंमत कोणी मोजली? ब्लंटनं नाही. मोजली ती विकणाऱ्या बेंजामिन हॅरिसनं. फेब्रुवारी १६८० मध्ये गिल्डहॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या नगरभवनात, मुख्य न्यायाधीश विल्यम स्क्रॉग्ससमोर खटला उभा राहिला. ज्युरी बाहेर आली आणि म्हणाली, ‘पुस्तक विकल्याबद्दल दोषी.’ लोकांनी जल्लोष केला, कारण यात ‘राजद्रोही हेतू’ हा शब्द नव्हता. स्क्रॉग्सनं सुनावलं की असला निवाडा चालणार नाही, दोषी की निर्दोष एवढंच सांगा. शेवटी ‘दोषी’ आलं. शिक्षा झाली ५०० पौंड दंड आणि तासभर पिलोरी, म्हणजे लाकडी चौकटीत मान अडकवून चव्हाट्यावर उभं करणं. पिलोरीत असलेल्याला लोक अंडी, चिखल, वेळेला दगडही मारत. हॅरिसभोवती त्याच्या मित्रांनी असं कडं केलं की कोणी काही फेकू शकलं नाही. दंड मात्र फेकण्यापेक्षा वाईट. तो भरता येईना, म्हणून तुरुंग.

५०० पौंड म्हणजे किती, हे मी वर्गात नेहमी मुंबईच्या उदाहरणानं सांगतो. भीमजी पारेख या सुरतेच्या व्यापाऱ्याच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीनं १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा छपाईकार मुंबईला धाडला, त्याचा पगार वर्षाला ५० पौंड. (बिचाऱ्याला छापता येत होतं, देशी लिपीचे खिळे पाडता येत नव्हते, त्यामुळे भीमजींचा बेत फसला. तो वेगळा विषय.) म्हणजे समुद्रापार यायला तयार झालेल्या कुशल कारागिराचा दहा वर्षांचा पगार, एक चोपडं विकलं म्हणून.

याच खटल्यावरून एक सूचना, जी कोणी वेळेवर देत नाही. तेव्हाचं इंग्रजी वर्ष कायद्यानं २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १६८० मधला मजकूर मुखपृष्ठावर ‘१६७९’ असा छापलेला सापडू शकतो. त्यामुळे उत्तर आधी आणि मूळ पत्रक नंतर, असा चमत्कार तुमच्या टिपणांत घडेल. अशा वेळी नार्सिसस लट्रेल हा देवमाणूस उपयोगी पडतो. लंडनमध्ये बसून हा गृहस्थ पत्रकं विकत घ्यायचा आणि बऱ्याच प्रतींवर घेतल्याची तारीख नि किंमत स्वतःच्या हातानं लिहायचा. राजाच्या बाजूचा राजकवी ड्रायडन याचं ‘अ‍ॅब्सलम अँड अ‍ॅकिटोफेल’ १७ नोव्हेंबर १६८१ ला बाजारात होतं हे आपल्याला त्याच्या प्रतीवरूनच कळतं. शाफ्ट्सबरीचं राजद्रोहाचं प्रकरण २४ तारखेला ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे होतं, आणि आठवडाभर आधी त्याला खलनायक ठरवणारं हे काव्य आलं. तारीख नसती तर ते नुसतं सुंदर काव्य राहिलं असतं. ज्युरीनं तरीही शाफ्ट्सबरीला सोडलं, हा भाग ड्रायडनचे भक्त हळूच गाळतात.

आता लेस्ट्रेंजबद्दल थोडं, कारण त्याच्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. मला तो माणूस आवडत नाही आणि त्याचं गद्य वाचल्याशिवाय राहवत नाही. १६६३ पासून तो छपाईचा सरकारी देखरेखवाला. त्याच वर्षी पहाटे चारच्या सुमारास त्यानं स्मिथफील्डजवळ क्लॉथ फेअर इथे जॉन ट्विन या छपाईवाल्याच्या घरावर धाड घातली. आत यंत्र चालू होतं, दार उघडेपर्यंत ट्विननं जुळवलेले खिळे विस्कटायचा प्रयत्न केला, पण ताव ओले सापडले. पुस्तकात जुलमी राजाविरुद्ध उठण्याचा हक्क मांडलेला. ट्विननं लेखकाचं नाव सांगितलं नाही. फेब्रुवारी १६६४ मध्ये त्याला फाशी देऊन देहाचे तुकडे करण्यात आले. घरात लहान मुलं होती, पोटासाठी छापलं, असं तो सांगत होता. लेखक निनावीच राहिला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, या वाङ्मयात ‘निनावी’ ही सोय लेखकाची आहे, छपाईवाल्याची नाही. खिळ्यांची झीज ओळखू येते. लाकडी ठशातला टवका ओळखू येतो. दुकानाच्या पाटीवर पत्ता असतो. पळायचं कुठे? १६७८ मध्ये अँड्र्यू मार्व्हेलच्या निनावी चोपड्यावर, म्हणजे ‘देशात जुलूमशाही आणि पोपशाही आणण्याचा बेत चाललाय’ असं पहिल्याच वाक्यात बजावणाऱ्या चोपड्यावर, सरकारनं गॅझेटमध्ये बक्षीस लावलं: छापणारा-विकणारा दाखवून द्या, ५० पौंड. हस्तलिखित छापखान्यात पोचवणारा दाखवून द्या, १०० पौंड. मुखपृष्ठावर ‘अ‍ॅमस्टरडॅम’ छापलेलं, पण त्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. मार्व्हेल त्याच ऑगस्टमध्ये वारला आणि सुटला.

आणि ही माणसं म्हणजे फक्त पुरुष नव्हेत. ठोक माल उचलून फेरीवाल्यांना देणाऱ्या बायकांना ‘मर्क्युरी’ म्हणत. स्क्रॉग्सवरचं टिंगलकाव्य विकल्याबद्दल जेन कर्टिसला कोर्टात ओढलं. एलिनॉर जेम्स तर छपाईवाल्याची बायको, स्वतः लिहायची, स्वतःच्या नावानं छापायची, आणि १६८९ मध्ये नव्या राजाविरुद्ध बोलली म्हणून तुरुंगातही गेली. लेस्ट्रेंजचा प्रकाशक हेन्री ब्रूम १६८१ मध्ये वारल्यावर लेस्ट्रेंजच्या ‘ऑब्झर्व्हेटर’ या नियतकालिकाचा गाडा त्याची विधवा जोआना ब्रूमनं ओढला. ग्रंथसूचीत ही नावं तळाच्या ओळीत असतात. तिथे बघत जा.

ब्रूम हे नाव आलंच आहे तर एक चित्र पाहू. १६८० च्या व्हिग चित्रपत्रकांत एक कुत्रा दिसतो, ‘टाउझर’ नावाचा. शेपटाला झाडू, आणि सोबत सारंगीसारखं वाद्य. हा लेस्ट्रेंज. झाडू म्हणजे इंग्रजीत ब्रूम, म्हणजे त्याचा प्रकाशक शेपटाला बांधलेला. वाद्य अशासाठी, की क्रॉमवेलच्या राजवटीत हा कट्टर राजभक्त एका घरी वाजवत बसला होता आणि क्रॉमवेल ऐकायला थांबला होता, अशी जुनी बोंब होती. हा विनोद कळायला वाचता येण्याचीही गरज नाही, पण लेस्ट्रेंजचा प्रकाशक कोण आणि त्याच्यावरचा जुना टोमणा कोणता हे माहीत असायला हवं. मग हा विनोद कोणाला कळत होता? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. असं चित्र विकलं जातं ते पाचपन्नास लोकांच्या जिवावर नाही.

कॉफीघरात पेयाच्या पैशांत पत्रकं फुकट वाचायला मिळत. जेमतेम अक्षरओळख असलेला ऐकत बसे. लडगेटजवळचं सॅमचं कॉफीघर टोरींचा अड्डा, ‘अ‍ॅमस्टरडॅम’ कॉफीघरात ओट्स मिरवायचा. १६७५ च्या डिसेंबरअखेर राजानं सगळी कॉफीघरं बंद करायचा फतवा काढला आणि पंधरवड्याच्या आत मागे घेतला. १६८० मध्ये विल्यम डॉकरानं लंडनमध्ये एका पेनीत टपाल सुरू केलं, तर टोरींनी लगेच ओरड केली की यातून राजद्रोही कागद फिरताहेत. १७ नोव्हेंबरला, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणदिनी, १६७९ पासून लागोपाठ तीन वर्षं व्हिगांनी पोपच्या पुतळ्याची प्रचंड मिरवणूक काढून टेंपल बारजवळ तो जाळला. या मिरवणुकीचीही पत्रकं निघाली, चित्रांसकट. म्हणजे रस्त्यावरचं कागदावर आणि कागदावरचं रस्त्यावर, असं येणंजाणं चालू होतं. तरीही जपून: हे सगळं लंडनचं आहे. एखाद्या आडगावी काय पोचलं हे पत्रकावरून ठरवू नका, तिथली पत्रं आणि कोर्टाचे कागद बघा.

राजालाही शेवटी याच आखाड्यात उतरावं लागलं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा. ऑक्सफर्डची संसद गुंडाळल्यावर एप्रिल १६८१ मध्ये चार्ल्सनं आपण असं का केलं याचं जाहीर निवेदन छापून काढलं आणि चर्चमधून वाचायला लावलं. ज्या राजाला कोणाला कारण द्यायचं बंधन नव्हतं, तो कारणं देतोय. व्हिगांनी अर्थातच त्यालाही उत्तर छापलं. आणि १३ एप्रिलला लेस्ट्रेंजच्या ‘ऑब्झर्व्हेटर’चा पहिला अंक आला, सबंध अंक दोन पात्रांच्या सवाल-जबाबात. त्यात तो म्हणतो, छापखान्यानंच लोकांना वेडं केलं, आता छापखान्यानंच त्यांना ठिकाणावर आणलं पाहिजे. आयुष्यभर छापखान्याला कुलूप लावत फिरलेला माणूस हे म्हणतोय! मार्च १६८७ पर्यंत त्यानं ९३१ अंक काढले.

पण भांडण संपलं ते युक्तिवादानं नाही. स्टीफन कॉलेज नावाचा सुतार होता, ‘प्रोटेस्टंट जॉयनर’ म्हणून प्रसिद्ध. राजा पाठीवर संसदेची पेटी घेऊन खेळ दाखवत हिंडतो असं गाणं आणि चित्र त्याच्या नावावर होतं. लंडनच्या ग्रँड ज्युरीनं त्याला सोडलं, म्हणून खटला ऑक्सफर्डला हलवला आणि ३१ ऑगस्ट १६८१ ला फासावर चढवलं. १६८३ मध्ये अल्जर्नन सिडनी या राजविरोधकावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात दोन साक्षीदार हवे होते, एकच मिळाला. दुसरा साक्षीदार म्हणून त्याच्याच टेबलावरचं, तोवर न छापलेलं हस्तलिखित उभं केलं गेलं. न्यायाधीश जेफ्रीजचं म्हणणं, लिहिणं हीच कृती. याउलट त्याच वर्षी लॉर्ड रसेल या व्हिग पुढाऱ्याचा शिरच्छेद झाला, आणि तासाभरात त्याचं अखेरचं निवेदन छापील स्वरूपात रस्त्यावर विकलं जात होतं. जॉन डार्बीनं ते आधीच छापून ठेवलं होतं.

जेम्सला गादी सोडावी लागली त्या १६८८ वर मी इथे फार लिहीत नाही, तो स्वतंत्र उत्तराचा विषय आहे. जेम्सला मुलगा झाल्यावर ‘तान्हं पोर बिछाना गरम करायच्या भांड्यातून आत आणलं’ ही कंडी पिकली आणि तिच्यावरच चोपडी निघाली. जेम्सची गादी घेणारा त्याचा जावई विल्यम यानं हॉलंडहून निघताना आपला जाहीरनामा गठ्ठ्यांनी छापून बरोबर आणला. एका माणसाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हेन्री केअर, १६७८ पासून पोपविरुद्ध साप्ताहिक चालवणारा, लेस्ट्रेंजचा पक्का वैरी, ज्याचं ते साप्ताहिक स्क्रॉग्सच्या कोर्टानं बंद पाडलं होतं. हाच केअर १६८७-८८ मध्ये कॅथलिक जेम्सच्या बाजूनं लिहू लागला. विकला गेला, असं सगळे म्हणाले. पैसे मिळाले असतीलही. पण जेम्स तेव्हा अधिकृत इंग्लिश चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांनाही धर्मस्वातंत्र्य देऊ करत होता, आणि केअर सुरुवातीपासून त्या लोकांसाठीच झगडत होता. त्याची सगळी चोपडी ओळीनं वाचली तर कोलांटउडी वाटते तेवढी मोठी राहत नाही. एकच वाचलं तर तो गद्दार दिसतो.

आणि ब्लंटचं पुढे काय झालं? १६९३ च्या जानेवारीत ‘विल्यम आणि मेरी हे विजेते आहेत’ अशा अर्थाचं निनावी चोपडं आलं: त्यांनी देश जिंकला, म्हणून त्यांचा हक्क. परवाना देणारा अधिकारी एडमंड बोहन टोरी. नव्या राजाला मान्यता द्यायला त्याला स्वतःला हाच युक्तिवाद पटलेला. त्यानं आनंदानं शिक्का मारला. संसद खवळली, आम्हाला कोणी जिंकलं? चोपडं जल्लादाच्या हातून जाळलं, बोहनची नोकरी गेली. लेखक होता ब्लंट, छपाईस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता. परवाना पद्धतीचं हसं करायला त्यानं मुद्दाम सापळा लावला, असं बरेच जण रंगवून सांगतात. मला ते निम्मंच पटतं. त्याला तो युक्तिवाद खरोखर मान्य असणंही शक्य आहे. त्याच वर्षी परवाना कायदा जेमतेम दोन वर्षांसाठी वाढला. १६९५ मध्ये तो संपला, आणि तेव्हा संसदेच्या कॉमन्स सभागृहानं दिलेल्या कारणांत स्वातंत्र्याचं स्तोत्र जवळजवळ नव्हतंच. स्टेशनर्स कंपनीची, म्हणजे लंडनच्या छपाईवाल्या-पुस्तकविक्यांच्या संघाची मक्तेदारी, बंदरात अडकून पडणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, घराघरांत घुसणारे झडतीवाले, अशा रोकड्या तक्रारी होत्या. ब्लंट ते बघायला नव्हता, १६९३ मध्येच त्यानं जीव दिला होता.

तुमच्या पाच पत्रकांचं आता असं करा. प्रत्येकाचा जोडीदार शोधा. तळाच्या ओळीतलं नाव किंवा नावाचा अभाव नोंदवा. तारीख जुन्या पद्धतीची की नव्या ते ठरवा, आणि शक्य असेल तिथे लट्रेलची प्रत पाहा. मग ‘आवाहन’ आणि लेस्ट्रेंजचं उत्तर शेजारी ठेवून पहिल्यापासून वाचा, घाई न करता. हॅरिसचा खटला छापील आहे, तोही काढा. बाकी तीन पत्रकं सध्या बाजूला राहू देत. हॅरिसचा पुढचा माग काढायचा असेल तर अमेरिकेत जावं लागेल. १६८६ मध्ये तो बॉस्टनला निघून गेला, १६९० मध्ये तिथे एक वृत्तपत्र काढलं, ते पहिल्याच अंकानंतर बंद पाडलं गेलं. १६९५ मध्ये लंडनमधला कायदा संपल्याबरोबर तो परत आला आणि पुन्हा बातमीपत्र छापायला बसला.